दातात धरलेली बॅटरी

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की जगात जे काही दिसत नाही ते उजेड कमी पडल्यामुळे दिसत नाही. हे एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे आमच्या घरात काय चालतं ते कळायला वेळ लागणार नाही.

राजानंद त्याचं नाव. नवऱ्याचं नाव घेते, अरेतुरे लिहिते, म्हणून ज्यांना तोंड वाकडं करायचं त्यांनी खुशाल करावं. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये तो कामाला आहे. तिकडंच चार जणांत खोली करून राहतो आणि आठवडी सुट्टीला गावी येतो. दुसऱ्या बायांचे नवरे सुट्टीला येताना काही भाजी आणतात, कुणी पोरांना खारी-बिस्कीट आणतो, कुणी नुसताच पिऊन येतो. आमचा बॅटरी घेऊन येतो. शहरातले लोक टॉर्च म्हणतात ना, तीच. बोटाएवढी, अॅल्युमिनियमची, शर्टाच्या खिशात मावणारी. पण दुकानातून आणली तशी ती त्याला चालत नाही. भाकरीला बसायच्या आधी तिचं डोकं फिरवून काढायचं, आतला दिवा उपटायचा, त्याच्या जागी जास्तीचा दिवा सोल्डर करायचा, करंट अडवणारा बारका तुकडा काढून फेकायचा, साध्या शेलच्या जागी लिथियमचा शेल घालायचा. हे सगळं चुलीसमोर, मी भाकरी थापते तिथं. मग भिंतीवर झोत मारून आमच्याकडं असं बघायचं, की सूर्याला सुट्टी दिली समजा.

हा रोग त्याला एकट्याला असता तर मी समजून घेतलं असतं. आमच्या शिवारातल्या अख्ख्या गडीमाणसांना आहे. दिवेलागणीला फाट्यावर जमतात आणि पाण्याच्या टाकीवर झोत मारतात. कुणाचा टाकीच्या बुडाला लागतो, कुणाचा टोकाला. धावडा गावाकडच्या एकाची बॅटरी म्हणे टाकी सोडून पलीकडच्या टेकडीवरचं बोरीचं झाड दाखवते, तर त्याला चहा पाजतात. चाळिशीची माणसं ही. ह्यांच्या घरात न्हाणीचा बल्ब जाऊन महिना झालेला असतो, बायका चाचपडत अंघोळ करतात. तो बदलायला ह्यांना वेळ नाही.

तरी मी चालू दिलं असतं. पण त्याची नजर त्याच्या आईवर पडली, आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आमचं अर्ध्या एकराचं शेडनेट आहे, हिरव्या जाळीचा मांडव. त्यात आम्ही कंपनीसाठी मिरचीचं बी करतो. काम नाजूक आहे. उद्या उमलणार अशी कळी बघायची, आज उन्हं कलल्यावर ती चिमट्यानं अलगद उघडायची आणि आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे. मधल्या मादीला धक्का लागू द्यायचा नाही. मग देठाला दोरा बांधायचा. उद्या सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावायचा. एखादा नर जरी आत राहिला, तरी कळी आपल्याआपण फळते, बियाण्यात भेसळ निघते आणि कंपनी प्लॉट नापास करते. म्हणून आमच्याकडं प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा असतो. चूक निघाली की ती कुणाच्या हातची ते दोराच सांगतो. माझा लाल. आत्याबाईंचा पिवळा.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, चांगुणाबाई. क्रॉसिंगचं काम आमच्या गावात पहिल्यांदा तिनं केलं. मला तिनंच शिकवलं. कळीला कळायचं नाही इतका हलका तिचा हात. पण मागच्या हंगामापासून तिच्या ओळीत मागून फिरताना मला पिवळ्या दोऱ्याच्या कळ्यांत नर राहिलेले दिसायला लागले. आधी एखाद्या झाडाला, मग झाडामागं झाड. मी त्या कळ्या गुपचूप खुडायची आणि पदराच्या ओट्यात टाकायची. मग एकदा म्हटलं, आत्याबाई, डोळा दाखवून येऊ. ती म्हणाली डोळ्याला काय धाड भरली, अवंदा नेट जाड घेतलंय, आत अंधार पडतो.

हे वाक्य तिनं राजानंदसमोर म्हटलं. बस. त्याला जन्माचं काम मिळालं.

पुढच्या सुट्टीला तो डोक्याला बांधायची बॅटरी घेऊन आला. ती आत्याबाईंनी हातातसुद्धा घेतली नाही. "मी काय वरातीतली लाईटवाली हाय का?" म्हणाली. मग त्यानं बोटाएवढी बनवली. पण चिमट्याच्या कामाला दोन्ही हात लागतात, डाव्या हातात कळी, उजव्या हातात चिमटा. बॅटरी धरायची कुठं? तर दातात. आत्याबाई संध्याकाळच्या वेळी नेटमध्ये दातात बॅटरी धरून कळ्या उघडायला लागली. राजानंद बांधावर उभा.

"माय, दिसतं का?"

तिनं बॅटरी काढली, पदरानं पुसली. "लख्ख दिसतं, राजा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओळीत फिरले. आधीपेक्षा जास्त नर राहिले होते.

मी ती बॅटरी स्वतः धरून पाहिली. मिरचीचं फूल पांढरं, त्यावर हा भगभगीत पांढरा झोत. माझ्या धडधाकट डोळ्यांपुढं नुसती पांढरी आग झाली, आत काय आहे ते कळेना. मी राजानंदला सांगितलं, उजेड कमी नाही पडत, डोळा कमी झालाय, तिला दवाखान्यात न्या. त्यानं मान डोलावली. इतकी समजूतदार मान डोलावली की मला वाटलं, पोहोचलं. मग म्हणाला की झोत फार पसरतोय, तो एका जागी आणला पाहिजे. आणि पुढच्या सुट्टीला आतली वाटी बदलून आणली. त्याच्या पुढच्या सुट्टीला अजून दांडगा दिवा.

दर वेळी तो विचारायचा, दिसतं का. दर वेळी ती म्हणायची, आधीच्याहून चांगलं दिसतं. आणि दर वेळी मी ओटा भरून कळ्या खुडायची.

मी जाफराबादला बाजाराच्या दिवशी ख्वाजामियाँच्या दुकानात गेले. स्टँडमागं त्यांचं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान आहे, आता सगळा बॅटऱ्यांचा धंदा. राजानंद दिवे त्यांच्याकडूनच नेतो. मी म्हटलं, चाचा, ह्याला काही देत जाऊ नका. ते भिंग डोळ्यावरून वर सारून हसले.

"भाबी, मी न्हाई दिलं तर त्यो जालन्याहून आणंल. मी त्याला बराबर सांगितलं, बाबा, एवढ्याशा नळीत एवढा उजेड कोंबला तर गर्मी जाणार कुठं? म्हणला, गर्मीचं मी बघतो. दिवसभर लाल लोखंडापुढं उभा राह्यणारा माणूस त्यो. त्याला मी काय गर्मी सांगावी?"

त्यांनी मला चहा पाजला. ह्या जिल्ह्यात शहाणी माणसं पुष्कळ आहेत. सगळी चहा पाजतात.

त्याच आठवड्यात मी आत्याबाईंना धरलं. दुपारी नेटच्या बाहेर लिंबाखाली जेवत होतो. तिचा हात चटणीवर जायच्या ऐवजी दोन वेळा मातीत गेला. मी तिचा हात धरून चटणीवर ठेवला आणि म्हटलं, आता खरं सांगा. ती घास चावत राहिली. पाणी प्यायली. इकडंतिकडं बघितलं, म्हणजे मान फिरवली.

"सत्या, त्यो पोरगा लग्नाआधीपासून मिलमधी हाय. कव्हा येतो, कव्हा जातो, घरात त्याचं चित्त नसतं. आता आला की आधी मला इचारतो, माय, दिसलं का. पहिल्यांदा माझ्यासाठी काही करून राह्यलाय. मंग मी न्हाई कशी म्हणू?"

"अन् डोळा गेला तर?"

"गेला तर गेला."

मी ताट तसंच ठेवून उठले. ह्याला लोक माया म्हणतात. म्हणोत. मायलेक एकमेकांचं मन राखतात आणि मधल्या मधी एक डोळा जातो, हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा. लेकाला कळत नाही कारण माय सांगत नाही. माय सांगत नाही कारण लेक खूश आहे. आणि जी सांगते ती सून, म्हणजे तिचं ऐकायचं नसतंच.

मग कंपनीचा सुपरवायझर आला, हरिओम. पोरगा वाईट नाही, मोटारसायकल बांधाला लावून चपला काढून नेटमध्ये येतो. त्यानं माझ्या ओळी बघितल्या, बेबीनंदाच्या बघितल्या. बेबीनंदा म्हणजे आमच्या शेजारची, हंगामभर आमच्यात कामाला असते. मग पिवळ्या दोऱ्यापाशी थांबला. नखानं एक कळी उघडली, दुसरी उघडली, पुढचं झाड, त्याच्या पुढचं. आत्याबाई तिथंच उभी होती, दातात बॅटरी, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. हरिओमनं तिच्याकडं न बघता मला सांगितलं.

"ताई, पिवळा दोरा बंद करा. न्हाई तर मला प्लॉटच बंद लिहावा लागंल."

तो गेल्यावर आत्याबाईंनी बॅटरी काढली आणि म्हणाली, काल जन्मलेलं पोरगं, मला शिकवून राह्यलं. पण जोर नव्हता त्यात. कमरेची दोऱ्याची गुंडी तिनं चाचपली आणि तशीच धरून बसली. ज्या बाईनं गावाला हे काम शिकवलं, तिचा दोरा बंद. मला वाटलं, आता तरी ही दवाखान्याचं नाव काढेल. तिनं राजानंदला फोन लावायला सांगितला. मला वाटलं, आता सांगते. तिनं सांगितलं, "राजा, अजून थोडा उजेड पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. खरोखर मारला, लागलं.

तो सुट्टीला आला ती बॅटरी घेऊन, जी त्यानं जालन्याच्या खोलीवर आठवडाभर जागून केली होती. आत तांब्याची चकती बसवली होती. दिवसा उजेडी लावली तरी भिंतीवर पांढरा डाग दिसत होता. राजानंदचा चेहरा असा फुलला होता, की मला एक क्षण त्याची कीव आली. क्षणच.

उन्हं गेली, नेटमध्ये सावळं झालं. आत्याबाईंनी बॅटरी दातात धरली आणि कळी उघडली. तो शेजारी उभा. मी माझ्या ओळीत होते. तिनं एक दोरा बांधला. दुसरा बांधला. तो विचारत होता, बराबर दिसतं का, आणि ती मान हलवत होती, तसा झोत नेटच्या छतावर वरखाली होत होता. मी बघितलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आधी वाटलं, बाई रडतीय. मग वाटलं, झोताचं पाणी असेल. तिनं तिसऱ्या कळीला हात घातला, आणि कळी देठासकट तुटून आली. तिच्या हातून कळी तुटलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी धावत जाऊन बॅटरी ओढली. माझी बोटं पोळली. तिच्या खालच्या ओठाची कातडी बॅटरीला चिकटून आली.

ती ओरडली नाही. पदर तोंडावर धरून खाली बसली. मी ओरडले, की सोडली का नाही, तोंडातून थुंकायची होती. पदरातूनच ती म्हणाली, "त्यो बघून राह्यल्ता ना."

आणि राजानंद. त्यानं बॅटरी मातीतून उचलली, शर्टाच्या टोकात धरली, उलटीसुलटी केली. म्हणाला, "मागं रबर घालायला पाहिजे व्हतं. तेवढं राह्यलं."

मी जे बोलले त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. लिहिण्यासारखं एवढंच.

"माय हाय ती तुमची. बॅटरीचा स्टँड न्हाई."

तो गप्प झाला. पण त्याचं गप्प बसणं मला माहीत आहे. रबर कुठून आणायचं याचा विचार चालू होता.

सकाळी मी नेटच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पोलक्यात ठेवली. हंगाम ऐन भरात होता. काल नर काढलेल्या कळ्यांना आज पराग लागला नाही की त्या गळतात, आणि आजची कळी उद्या उमलून वाया जाते. कळी कुणासाठी थांबत नाही. बेबीनंदा आणि बाकीच्या बाया आल्या, कुलूप बघून दारात उभ्या राहिल्या. बेबीनंदानं विचारलं, तुला याड लागलं का. मी म्हटलं, ह्या घरात मला एकटीलाच लागायचं राहिलं होतं.

राजानंदला जालन्याची गाडी धरायची होती. मी त्याला सांगितलं, जालन्याला चाललाच आहात तर मायला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात चला, मीही येते. नाही तर अवंदा हे नेट उघडत नाही. तो तापला. किती नुकसान होतंय कळतं का, म्हणाला. मी म्हटलं, ते तुमच्या मायला सांगा. तो किल्ली मागत राहिला, मी उंबऱ्यावर बसून राहिले. ऊन वर यायला लागलं.

आत्याबाई अंगणात बाजेवर होती. ओठ सुजून भजं झाला होता, त्यावर तूप लावलेलं. तोंड नेटकडं. तिथून तिला नेट म्हणजे नुसता हिरवा धूर दिसत असणार. पण ती उन्हाच्या चटक्यावरून वेळ ओळखते.

"फुलं उमलली असतील आता," ती म्हणाली.

नेटच्या दारात बेबीनंदानं कुलूप एकदा ओढून बघितलं.

"सगळी उमलली असतील."

थोड्या वेळानं ती उठली, चाचपत चप्पल पायात घातली. "चल, कुठं मरायचं तिथं चल. पण आधी कुलूप काढ."

डोळ्यासाठी नाही, लेकासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. कळ्यांसाठी ती तयार झाली. मी किल्ली बेबीनंदाच्या हातात दिली आणि आम्ही तिघं जीप धरायला निघालो.

जालन्याच्या दवाखान्यात तुडुंब गर्दी होती. आमचा नंबर लागला तेव्हा सिस्टरनं आत्याबाईंना स्टुलावर बसवलं, पेनाएवढ्या बॅटरीनं डोळ्यात बघितलं. मिणमिणती बॅटरी. मागं उभा असलेला राजानंद पुढं वाकून ती बघायला लागला. डोळा नाही, बॅटरी. सिस्टर लांब जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"आजी, बोटं दिसतात का?"

"दिसतात की. लख्ख."

"किती हायेत?"

आत्याबाई थांबली. "तीन."

सिस्टरनं मूठ मिटलेली होती.

तिनं दुसरा हात वर केला, पुन्हा विचारलं, पुन्हा आत्याबाई म्हणाली लख्ख दिसतात. मागं लेकाचा श्वास ऐकू येत होता तिला. तोवर राजानंद म्हणाला की खोलीत उजेड कमी आहे. मी त्याला दंडाला धरून पडद्याबाहेर नेलं आणि सांगितलं, आत आलात तर माझ्यासारखी वाईट नाही. मग परत येऊन आत्याबाईंच्या मागं उभी राहिले. म्हटलं, गेला तो.

"खरंच गेला?"

"गेला."

सिस्टरनं पुन्हा विचारलं, दिसतं का.

"न्हाई दिसत," आत्याबाई म्हणाली. "उजवीकडं काहीच न्हाई. डावीकडं धुकं हाय. बॅटरी लावली की त्या धुक्याला आग लागती."

सिस्टरनं विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मिरचीचं एक पीक येऊन गेलं, हे दुसरं. मग सिस्टरनं ओठाकडं बोट केलं, हे काय झालं. आत्याबाईंनी पदर ओढून घेतला. "चहा गरम व्हता," म्हणाली. मी दात आवळले. अजून. इथंसुद्धा.

डॉक्टरनं तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पार पिकलेला. आधी उजवा करायचा म्हणाले, पण ओठाची जखम भरू द्या. तेव्हा कळलं की ह्या बॅटरीपायी ऑपरेशनसुद्धा लांबलं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि तिला बाहेर आणलं.

राजानंद खिडकीखालच्या बाकावर बसला होता. मांडीवर रुमाल, रुमालावर दवाखान्याच्या वॉचमनची बॅटरी, सगळे भाग सुटे. वॉचमन कौतुकानं वाकून बघत होता. मी तिथंच उभी राहिले. ह्या माणसाच्या आईचा डोळा आत तपासत होते आणि हा बाहेर दुसऱ्याची बॅटरी उघडून बसला होता.

आत्याबाई त्याच्या शेजारी बसली.

"काय म्हणले?" त्यानं विचारलं. वर न बघता.

"काही न्हाई रे. थोडं जाळं आलंय म्हणले. बाकी दिसतं." तिनं त्याच्या मांडीवरचं काहीतरी चाचपलं. "कुणाची बनवून राह्यलास?"

तिच्या हाताचा धक्का लागून रुमालावरची स्प्रिंग उडाली आणि फरशीवर पडली. टण्ण वाजली. आत्याबाई म्हणाली, थांब, मी देते, आणि बाकावरून उतरून खाली बसली. हात फरशीवर फिरवायला लागली.

भर दुपार होती. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता आणि स्प्रिंग त्या उन्हात चमकत होती, तिच्या बोटांपासून वीतभर. ती उजवीकडं शोधत होती, मग डावीकडं, मग बाकाखाली. बोटं स्प्रिंगच्या बाजूनं जायची आणि परत फिरायची. वॉचमन उचलायला वाकला, मी त्याला हातानं थांबवलं.

राजानंद बघत होता. त्यानं आधी स्प्रिंगकडं बघितलं, मग वर खिडकीकडं, मग परत मायच्या हाताकडं. रुमालावरचा दिवा, शेल, वाटी तशीच पडून होती. त्यानं कशालाही हात लावला नाही.

जे बोलायचं ते मी कधीचं बोलून बसले होते.

"सापडत न्हाई रे राजा," आत्याबाई खालून म्हणाली. "लांब गेली वाटतं."

तो बाकावरून उतरून तिच्याजवळ फरशीवर बसला. तिचा हात धरला आणि स्प्रिंगवर नेऊन ठेवला. मग बराच वेळ सोडलाच नाही.